रिपोर्ट कोणाच्या हाती द्यायचा? नाशिकच्या एका लॅबमधील डेटा संरक्षणाची तयारी

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण त्याचे नियम अधिसूचित व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. मधल्या दोन वर्षांत हा विषय मोठ्या कंपन्यांचा, बँकांचा आणि समाजमाध्यमांचा आहे, अशीच माझ्या आजूबाजूच्या बहुतेकांची समजूत होती. नाशिकमधल्या ज्या पॅथॉलॉजी लॅबचे कार्यालयीन कामकाज मी पाहते, तिथेही वेगळे चित्र नव्हते. नियम आल्याची बातमी वाचून आमच्या डॉक्टरांनी ते कात्रण माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "मॅडम, हे आपल्यालाही लागू होतं का, तेवढं बघून घ्या." मी कायदा आणि नियम दोन्ही वाचून काढले. लागू होत होते, आणि अगदी जवळून लागू होत होते, कारण माणसाविषयीची जी माहिती तो स्वतःच्या घरातही सहसा सांगत नाही, ती आमच्या संगणकात नाव, वय आणि मोबाइल नंबरासह नोंदलेली असते.

नियमांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. डेटा संरक्षण मंडळ, म्हणजे या कायद्याखालील तक्रारी आणि दंड पाहणारी यंत्रणा, तिच्याविषयीच्या तरतुदी लगेच लागू झाल्या, संमती व्यवस्थापकांविषयीच्या, म्हणजे लोकांची संमती देणे आणि मागे घेणे सांभाळणाऱ्या नोंदणीकृत संस्थांविषयीच्या, एका वर्षाने लागू होतील, आणि सूचना, संमती, सुरक्षितता, दुरुस्ती, तक्रारनिवारण अशा आमच्यासारख्या आस्थापनांना बांधणाऱ्या तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. एवढी मुदत आहे तर शेवटच्या तिमाहीत बघू, असे सुचवणारे आमच्याकडेही होते. डॉक्टरांनी ते ऐकले नाही आणि मला त्यांचा तो निर्णय योग्य वाटतो. मुदत सरकारने दिली असली, तरी काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाची माहिती त्या मुदतीपर्यंत उघडी राहावी असा तिचा अर्थ होत नाही.

पहिले काम होते ते आपल्याकडे कोणती माहिती येते, कोठून कोठे जाते आणि कोठे साचून राहते, हे लिहून काढण्याचे. आमचे मुख्य केंद्र शरणपूर रोडच्या परिसरात आहे आणि नमुने घेण्याची केंद्रे पंचवटी, नाशिकरोड आणि अंबड येथे आहेत. मी पंचवटीच्या केंद्रात बसून एका साध्या थायरॉइडच्या तपासणीचा माग काढायला सुरुवात केली. रुग्ण फॉर्म भरतो, त्यावर नाव, वय, पत्ता, मोबाइल, पाठवणाऱ्या डॉक्टरांचे नाव आणि तपासण्यांपुढे खुणा. तीच माहिती रजिस्टरमध्ये उतरते. नमुना मुख्य केंद्रात पोहोचण्याआधी नोंद तयार असावी म्हणून फॉर्मचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला जातो. मग संगणकातील नोंद, ट्यूबवरचा बारकोड, तयार झालेली पीडीएफ, रुग्णाच्या मोबाइलवर जाणारी लिंक, डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर जाणारी प्रत, आणि महिन्याच्या शेवटी हिशेबासाठी काढलेली यादी. काही विशेष तपासण्या मुंबईच्या मोठ्या लॅबकडे जातात, तेव्हा त्यांच्या संगणकात आणखी एक नोंद होते.

या साखळीत मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते फॉर्मच्या फोटोंनी. नमुने आणणाऱ्या मुलांपैकी एकाने माझ्या विनंतीवरून आपला फोन माझ्यापुढे धरला. त्याच्या गॅलरीत मुलीच्या वाढदिवसाच्या, गावच्या जत्रेच्या फोटोंमध्ये आमचे फॉर्म येत होते. कोणाची साखर, कोणाची गर्भधारणा चाचणी, कोणाची कावीळ, सगळे नाव आणि नंबरासह. ते फोटो त्याच्या खासगी खात्यावर आपोआप साठवले जात होते. फोन जुना झाला की तो विकला जातो किंवा घरातल्या कोणाला तरी दिला जातो. त्या मुलाची त्यात काहीच चूक नव्हती, कारण काम असेच करायचे असते हे त्याला पहिल्या दिवशी शिकवले गेले होते आणि शिकवणाऱ्यालाही कोणीतरी तसेच शिकवले होते. व्हॉट्सॲपवरचा तो ग्रुप बंद झाला, केंद्रातूनच सॉफ्टवेअरमध्ये नोंद करण्याची सोय झाली, आणि प्रत्येकाच्या फोनमधील फॉर्म त्याच्यादेखत काढून टाकले गेले. या कामात मुलांनी मनापासून साथ दिली, हे मुद्दाम नोंदवते.

आधार कार्डाच्या झेरॉक्सचे प्रकरण तुलनेने लवकर मिटले. कोविडच्या तपासणीच्या वेळी ओळखपत्र घेतले जात असे; ती साथ ओसरली तरी सवय राहिली आणि साध्या रक्ततपासणीसाठीही काही जण विचारण्याआधीच आधारची प्रत पुढे करतात. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच नाशिक विभागातील नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला होता. तेव्हापासून या कागदाची प्रत कुठेही द्यावी लागते, ही भावना लोकांच्या मनात इतकी घट्ट बसली आहे की "नको, याची गरज नाही" असे सांगितल्यावर काही ज्येष्ठ मंडळी उलट काळजीत पडतात. ज्या कामासाठी माहिती लागतच नाही ती घ्यायची नाही, हे कायद्याचे सूत्र आमच्याकडे सर्वांत आधी इथे अमलात आले. साठलेल्या प्रती दोघांच्या समक्ष कापणी यंत्रातून काढल्या.

त्यानंतर कर्मचाऱ्यांशी बोलणे आवश्यक होते. एका रविवारी दुपारी काउंटर बंद झाल्यावर आम्ही सगळे एकत्र बसलो. आमच्या एका जुन्या तंत्रज्ञाने प्रामाणिकपणे विचारले, "मॅडम, कोणाचं हिमोग्लोबिन किती आहे यात बाहेरच्या माणसाला काय रस असणार?" त्या प्रश्नाला कलमांचे आकडे सांगून उत्तर देता आले नसते, म्हणून मी त्यांना दोन खटले सांगितले.

पहिला खडक सिंह या उत्तर प्रदेशातील माणसाचा. दरोड्याच्या आरोपातून तो पुराव्याअभावी सुटला होता, तरी पोलिसांनी त्याच्या नावाची नोंदवही उघडली आणि रात्री-अपरात्री त्याच्या घरी जाऊन दार वाजवणे, तो घरात आहे की नाही ते पाहणे, त्याच्या येण्या-जाण्यावर नजर ठेवणे सुरू केले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सहा न्यायमूर्तींच्या पीठाने रात्रीच्या त्या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण त्याच निकालात बहुमताने असेही म्हटले की खासगीपणाचा हक्क राज्यघटनेने दिलेला नाही. त्याआधी १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींच्या पीठाने झडतीच्या संदर्भात तसाच सूर लावला होता. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी मात्र खडक सिंह खटल्यात वेगळे मत नोंदवले, की खासगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचा आवश्यक भाग आहे. त्यांचे ते अल्पमत बहुमत व्हायला पन्नासहून अधिक वर्षे लागली.

दुसरा खटला आमच्या व्यवसायाचा होता आणि तो ऐकताना सगळे सावरून बसले. नागालँडच्या आरोग्य सेवेतील एक डॉक्टर रुग्णासोबत मद्रासला गेले असता तिथे त्यांनी रक्त दिले. तपासणीत ते एचआयव्हीबाधित असल्याचे आढळले. ती माहिती रुग्णालयाकडून इतरांपर्यंत पोहोचली, ठरलेले लग्न मोडले, आणि समाजातून तुटल्यामुळे त्यांना गाव सोडावे लागले. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो त्यांच्या विरोधात. खासगीपणाचा हक्क आहे, पण तो निरंकुश नाही, आणि नियोजित वधूच्या आरोग्याचा हक्क इथे वरचढ ठरतो, असे न्यायालयाचे म्हणणे होते. त्या निकालातील लग्नाच्या हक्काविषयीची विधाने अनावश्यक होती, असे न्यायालयानेच पुढे २००२ मध्ये स्पष्ट केले. त्या होणाऱ्या वधूला कळायला हवे होते, हे मला मान्य आहे. पण तिला कळणे आणि साऱ्या समाजाला कळणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर राखण्याची जबाबदारी ज्याच्या हातात रिपोर्ट आहे त्याची असते. "म्हणजे सगळं सुरू झालं ते एका तपासणीपासूनच," असे तो तंत्रज्ञ म्हणाला. त्यानंतर त्याने हिमोग्लोबिनचा प्रश्न पुन्हा विचारला नाही. उलट संकलन केंद्रांवरील जुन्या रजिस्टरांची यादी त्यानेच करून आणली.

एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा स्वतंत्र कायदा आला आणि तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तपासणीपूर्वी माहितीपूर्ण संमती, निदान उघड न करण्याचे बंधन आणि नोंदी ठेवणाऱ्या आस्थापनांनी डेटा संरक्षणाचे उपाय योजण्याची सक्ती या गोष्टी त्यात आहेत. सर्वसाधारण कायदा येण्याच्या कितीतरी आधी एका आजारापुरते हे संरक्षण मिळाले, ते त्या रुग्णांनी आणि त्यांच्यासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांनी सोसलेल्या अवहेलनेतून. आमच्या लॅबमध्ये या तपासणीची शिस्त पूर्वीपासून कडक होती, म्हणून नव्या व्यवस्थेसाठी आम्ही तिचाच कित्ता गिरवला. जी काळजी एचआयव्हीच्या रिपोर्टबाबत घेतो, तीच प्रत्येक रिपोर्टबाबत घ्यायची, असा नियम ठरवल्यावर बरेच वाद आपोआप संपले.

के. एस. पुट्टस्वामी यांचे नाव मी त्या बैठकीत आवर्जून सांगितले. कर्नाटक उच्च न्यायालयाचे हे निवृत्त न्यायमूर्ती २०१२ मध्ये, वयाची ऐंशी उलटल्यावर, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीत सरकारने १९५४ आणि १९६२ चे ते जुने निकाल पुढे करून खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही असे सांगितले, आणि म्हणून आधी तो प्रश्न सोडवण्यासाठी नऊ न्यायमूर्तींचे पीठ बसले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्या पीठाने एकमताने खासगीपणा हा घटनेच्या कलम २१ चा आणि तिसऱ्या भागातील स्वातंत्र्यांचा अंगभूत हक्क असल्याचे जाहीर केले. त्या पीठावर न्यायमूर्ती शरद बोबडे आणि न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते, हे मराठी वाचकाला विशेष वाटेल. आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क नाकारणाऱ्या १९७६ च्या ज्या निकालात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड सहभागी होते, तो निकाल त्यांच्या पुत्राने याच निकालपत्रात चुकीचा ठरवला. मला स्वतःला या निकालातील एक कसोटी रोजच्या कामात उपयोगी पडते: राज्याला खासगीपणात हस्तक्षेप करायचा असेल तर त्यासाठी कायदा हवा, हेतू वाजवी हवा, आणि हस्तक्षेप हेतूच्या प्रमाणात हवा. ही कसोटी सरकारसाठी आहे. पण कोणी माहिती मागितली की हेतू काय आणि त्यासाठी किती पुरेल, हे दोन प्रश्न काउंटरवरही विचारता येतात.

कायद्याची वाट मात्र लांबली. त्याआधी आमच्यासारख्यांना लागू असलेली तरतूद म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३अ आणि त्याखालील २०११ चे नियम; वैद्यकीय नोंदी ही संवेदनशील माहिती आहे, असे त्या नियमांत स्पष्ट लिहिले होते. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने जुलै २०१८ मध्ये अहवाल आणि मसुदा दिला, २०१९ चे विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले, ऑगस्ट २०२२ मध्ये ते मागे घेतले गेले आणि पुढच्या वर्षी बऱ्याच छोट्या स्वरूपात आजचा कायदा मंजूर झाला. या प्रवासात संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच गळाला. आज कायद्याच्या लेखी माणसाचा दुकानातील खरेदीचा तपशील आणि त्याच्या बायोप्सीचा अहवाल एकाच पातळीवर आहेत. लॅबमध्ये बसून हे मला पटत नाही. दुसरी गोष्ट भरपाईची. ४३अ खाली नुकसान झालेल्या व्यक्तीला भरपाई मागता येते. नव्या कायद्यात सुरक्षिततेच्या हलगर्जीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जमा होतो, आणि उरलेल्या तरतुदी लागू होतील तेव्हा ४३अ गळून पडेल. ज्याचा रिपोर्ट फुटला त्याच्या हाती काय, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला त्या कायद्यात सापडलेले नाही.

नियमांचा अभ्यास सुरू असतानाच एक प्रत्यक्ष संकट समोर आले. रुग्णांना मोबाइलवर जी लिंक जात असे, तिच्या शेवटी रिपोर्टचा क्रमांक होता. आमच्या स्वागतकक्षातील ताईंनी एका रुग्णाला लिंक पुन्हा पाठवताना शेवटचा आकडा चुकून वेगळा टाकला आणि दुसऱ्याच व्यक्तीचा रिपोर्ट उघडला. त्यांनी तो तत्काळ बंद करून मला बोलावले. आम्ही दोघींनी त्या संध्याकाळी लिंकची सोयच थांबवली आणि सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीला फोन केला. "असं कोणी मुद्दाम करत नाही हो," असे तिकडून पहिले उत्तर आले. डॉक्टरांनी स्वतः फोन घेऊन, दुरुस्ती होईपर्यंत एकही रिपोर्ट लिंकवर जाणार नाही, असे ठामपणे सांगितले, तेव्हा हालचाल झाली. आता लिंकमध्ये क्रमाने न येणारी अक्षरे असतात, रुग्णाच्या नंबरवर ओटीपी गेल्याशिवाय ती उघडत नाही, आणि ठरावीक काळानंतर ती बंद होते.

आधी कोणी अशा रीतीने दुसऱ्याचे रिपोर्ट पाहिले होते का, हे तपासायला गेलो तेव्हा कंपनीकडे अगदी थोड्या दिवसांचीच प्रवेशनोंद, म्हणजे कोणी कधी काय उघडले याची नोंद, होती. त्या नोंदीत संशयास्पद काही नव्हते, पण त्यामागच्या काळाविषयी खात्री देणे कोणालाच शक्य नव्हते. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. नव्या नियमांत प्रवेशनोंदी वर्षभर ठेवण्याची आणि माहिती फुटल्यास मंडळाला ७२ तासांत तपशील देण्याची, तसेच प्रत्येक बाधित व्यक्तीला विनाविलंब कळवण्याची तरतूद आहे. आम्ही जे आढळले ते कळवून टाकले. सॉफ्टवेअर दुसऱ्याचे असले तरी रुग्णापुढे जबाबदारी लॅबचीच राहते, असे कायदा सांगतो. त्यामुळे कंपनीबरोबरचा करार नव्याने लिहून घेतला, त्यात नोंदी किती काळ ठेवायच्या, चूक आढळल्यास किती वेळात सांगायचे आणि करार संपल्यावर आमचा डेटा कसा नष्ट करायचा, हे स्पष्ट घातले. मुंबईच्या लॅबबरोबर असाच करार करण्याची बोलणी अजून चालू आहेत.

सूचना लिहिण्याचे काम मला सर्वांत आवडले. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला मिळाला पाहिजे, असे कायदा म्हणतो. एका वकिलांकडून आलेला मसुदा कायद्याला धरून होता, पण पंचवटीच्या केंद्रात आमच्या सफाईचे काम पाहणाऱ्या मावशींना तो वाचून दाखवला तर त्यांना त्यातले काही समजले नाही. मग आम्ही तो रोजच्या बोलण्यातल्या मराठीत लिहिला: तुमचे नाव आणि वय रिपोर्ट तुमचाच आहे हे कळण्यासाठी लागते, नंबर रिपोर्ट पाठवण्यासाठी लागतो, तुमच्या डॉक्टरांना रिपोर्ट पाठवायचा की नाही हे तुम्ही सांगा, आमच्याकडे तुमची कोणती माहिती आहे हे विचारण्याचा, चुकलेली दुरुस्त करून घेण्याचा आणि तक्रार करण्याचा तुम्हाला हक्क आहे. शेवटी तक्रारीसाठी माझे पद आणि लॅबचा नंबर. नियमांनुसार तक्रारीचा निपटारा जास्तीत जास्त ९० दिवसांत व्हायला हवा, पण रक्ताच्या रिपोर्टबाबत कोणी इतके थांबू शकत नाही, म्हणून आम्ही त्याहून बरीच कमी मुदत लिहिली.

याच वेळी जुन्या रुग्णांच्या नंबरांचा प्रश्न आला. वर्षानुवर्षे साठलेल्या त्या यादीवर सणासुदीला संपूर्ण आरोग्य तपासणीच्या सवलतीचे संदेश जात. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे: औषधाच्या दुकानात पावती मोबाइलवर पाठवा असे सांगून एखाद्याने नंबर दिला, तर दुकानदाराने तो पावती पाठवण्यासाठी वापरावा. रिपोर्टसाठी दिलेल्या नंबरावर जाहिरात पाठवणे त्यात बसत नाही. डॉक्टरांपुढे हा उत्पन्नाचाही प्रश्न होता, आणि त्यावर आमच्यात मोकळी चर्चा झाली. शेवटी जाहिरातीची यादी पुसली, फॉर्मवर वेगळी चौकट ठेवली, आणि ती रिकामी सोडली तरी तपासणीत काही फरक पडत नाही, असे तिच्याशेजारीच छापले. त्या चौकटीत खूण करणारे थोडेच असतात. ज्यांना संदेश हवे असतात ते मात्र आपणहून मागतात.

सगळ्यांत कठीण प्रश्न आला तो पेठ, सुरगाणा, दिंडोरी आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील रुग्णांच्या निमित्ताने. हा कायदा असो वा ओटीपीची सोय, दोन्ही गृहीत धरतात की एका माणसाचा एक फोन असतो आणि तो त्याच्याच हातात असतो. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांच्या फॉर्मवर नवऱ्याचा, मुलाचा, शेजाऱ्याचा, कधी किराणा दुकानदाराचा, तर कधी आशाताईंचा नंबर असतो. नोंदी पाहताना एकच नंबर एका पाड्यावरच्या अनेक कुटुंबांपुढे लिहिलेला आढळला. तो त्या पाड्यावरील रेंज मिळणाऱ्या एका तरुणाचा होता. म्हणजे ओटीपी सुरक्षित, लिंक सुरक्षित, आणि रिपोर्ट मात्र भलत्याच माणसाच्या हातात. त्या तरुणाने ही माहिती कधी बाहेर सांगितली असे नाही. उलट तो कितीतरी घरांचे काम विनामोबदला करत होता. पण एखाद्या बाईला आपला रिपोर्ट त्याने वाचू नये असे वाटत असेल, तर तिच्यापुढे पर्यायच नव्हता.

यावर आमच्या पंचवटीच्या ताईंनी जो मार्ग सुचवला तो कागदाचा आहे. फॉर्म भरताना आता "हा नंबर तुमचाच का?" असा प्रश्न विचारला जातो. नाही म्हटले तर त्या नंबरावर फक्त "तयार आहे, येऊन घेऊन जा" एवढाच निरोप जातो, ज्यात तपासणीचे नाव नसते. रुग्णाला क्रमांकाची चिठ्ठी मिळते आणि रिपोर्ट बंद पाकिटात ती चिठ्ठी आणणाऱ्यालाच दिला जातो. नाशिकला पुन्हा येणे एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी घालवणारे असते, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांकडे बंद पाकीट पाठवण्याचीही सोय ठेवली, तीही रुग्णाने सांगितल्यासच. वाचता न येणाऱ्या बाईला सूचना वाचून दाखवताना आजूबाजूला दुसरे कोणी नसावे, यासाठी नमुना घेण्याच्या पडद्यामागेच हे बोलणे होते. कायद्याच्या मजकुरात या पडद्याचा उल्लेख कुठे नाही, पण संमती मोकळेपणाने दिलेली असावी असे तो म्हणतो, आणि सासूबाई शेजारी बसलेल्या असताना ती मोकळी कशी असेल?

अंबडच्या केंद्रात प्रश्न वेगळा आहे. औद्योगिक वसाहतीतील कारखाने नव्या कामगारांच्या आणि वार्षिक आरोग्य तपासण्या आमच्याकडून करून घेतात, बिल कंपनी भरते आणि त्यामुळे सगळ्यांचे रिपोर्ट एका एक्सेल फाइलमध्ये मनुष्यबळ विभागाकडे पाठवावेत अशी त्यांची अपेक्षा असते. नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरण्याची काही मुभा कायदा मालकाला देतो, हे खरे. पण क्रेन चालवणाऱ्याची दृष्टी किंवा धुरात काम करणाऱ्याची फुप्फुसे तपासण्यासाठी त्याच्या कावीळ-मधुमेहाचा तक्ता साऱ्या कार्यालयात फिरण्याची गरज नाही, असे आमचे मत झाले. आता संपूर्ण रिपोर्ट कामगाराच्या हाती जातो आणि कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला त्या कामासाठी योग्य आहे किंवा नाही एवढे कळवले जाते. बहुतेकांनी हे समजून घेतले. एका कंपनीने यापुढे काम दुसरीकडे देऊ असे सांगितले आणि तसे दिलेही. डॉक्टरांनी त्यांना शांतपणे तसे पत्र लिहून दिले, याचा मला अभिमान वाटतो.

घरच्या माणसांना नाही म्हणणे त्याहून अवघड असते. कॉलेज रोडच्या एका महाविद्यालयात शिकणाऱ्या, वयाची अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीचा रिपोर्ट तिचे वडील घ्यायला आले होते. "अहो, मी बाप आहे तिचा, पैसे मी भरलेत," हे त्यांचे म्हणणे रागाचे कमी आणि काळजीचे जास्त होते. स्वागतकक्षातील ताईंनी त्यांना पाणी दिले, आणि "काका, तिला फोन लावा, ती हो म्हणाली की लगेच देते," असे सांगितले. त्यांनी फोन लावला, मुलीने होकार दिला आणि पाकीट त्यांच्या हाती गेले. प्रत्येक वेळी इतक्या सहज होत नाही. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत कायद्याने पालकांची पडताळलेली संमती सांगितली आहे आणि उपचारांच्या गरजेपुरती दवाखान्यांना त्यातून सूट दिली आहे. पण अठरावे पूर्ण केलेल्या मुलीचा रिपोर्ट तिचाच आहे, हे पालकांना समजावण्याची जबाबदारी काउंटरवरच्या माणसावर येऊन पडते. म्हणून या संवादासाठी आम्ही कर्मचाऱ्यांना वाक्ये पाठ करायला दिली नाहीत, तर असा प्रसंग आल्यास मला किंवा डॉक्टरांना बोलावण्याचा अधिकार दिला.

उघडे रजिस्टर हा मुद्दा मी मुद्दाम शेवटी घेतला होता. नवा कायदा डिजिटल किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीलाच लागू होतो, त्यामुळे केवळ कागदावर राहिलेले जुने रजिस्टर त्याच्या कक्षेबाहेर आहे. पण पुढच्या रुग्णाने सही करताना वरच्या ओळीतील नाव आणि तपासणी वाचायची ती कागदावरच. आमच्या तीनही केंद्रांत आता रजिस्टरऐवजी सुट्या चिठ्ठ्या आहेत. जुनी रजिस्टरे कपाटात कुलूपबंद असून त्यांपैकी कोणती किती वर्षे ठेवणे बंधनकारक आहे, याचा तक्ता डॉक्टर आणि मी मिळून करत आहोत. तो झाला की मुदत संपलेली रजिस्टरे नष्ट करायची आणि मुंबईच्या लॅबबरोबरचा करार पूर्ण करायचा, एवढे काम या वर्षासाठी समोर आहे.